सकाळी उठलं की मळमळ, पण रिपोर्ट नॉर्मल: किशोरवयीन मुलांना नेमकं काय होत असतं?

सकाळचे सहा वाजलेत. शाळेची व्हॅन साडेसहाला दारात येणार आहे आणि नववीतली मुलगी बेसिनपाशी वाकून उभी आहे. उमासे येतायत, तोंडाला पाणी सुटतंय, पण उलटी होत नाही. आई म्हणते पित्त झालंय. बाबा म्हणतात, आज युनिट टेस्ट आहे ना? आजी मीठ-मोहरी ओवाळायला उठते. अकरापर्यंत मुलगी बरी होते, दुपारी नीट जेवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासून होतं, सोनोग्राफी होते, सगळं नॉर्मल येतं. मग कुणीतरी म्हणतंच, "काही झालेलं नाही तिला, नाटकं आहेत."

असं चित्र अनेक घरांत दिसतं. पण रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे मळमळ खोटी ठरत नाही. मळमळ मोजणारी कोणतीही रक्ततपासणी नाही. ती फक्त ज्याला होते त्यालाच कळते. म्हणून अशा वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: गंभीर आजाराची खूण नजरेतून सुटू द्यायची नाही, आणि तशी खूण नसेल तर मुलाला खोटं न ठरवता रोजची सकाळ सोपी करायची.

मळमळ तयार कुठे होते?

मळमळ जाणवते पोटात, पण तिचा निर्णय मेंदूत होतो. मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात, उलटीचं नियंत्रण करणारा भाग असतो. त्याच्याकडे चार वाटांनी निरोप येतात. पोट आणि आतड्याकडून व्हेगस नावाच्या नसेतून, रक्तातल्या औषधांमुळे किंवा विषारी घटकांमुळे, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाकडून (गाडी लागते ती याच वाटेने), आणि मेंदूच्या वरच्या भागांकडून, म्हणजे भीती, ताण, वास आणि आठवणी यांच्याकडून.

त्यामुळे पोटात काहीही बिघाड नसताना खरीखुरी मळमळ होऊ शकते. घाणेरड्या वासाने उमासा येतो तेव्हा पोट बिघडलेलं नसतं, तरी कुणी त्याला नाटक म्हणत नाही.

पण सकाळीच का?

याची कारणं एकापेक्षा जास्त असतात आणि बहुतेक वेळा ती एकत्र येतात.

- अपुरी झोप. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा, काही मुलांमध्ये तर दोन तास उशिरा स्रवायला लागतं. अकराशिवाय डोळा लागत नाही आणि साडेपाचला उठावं लागतं. शरीरासाठी ती मध्यरात्रच असते.
- रिकामं पोट. रात्री नऊला जेवलेलं अन्न मध्यरात्रीनंतर कधीतरी पोटातून पुढे गेलेलं असतं. सकाळी पोटात फक्त आम्ल असतं. त्यावर कडक चहा पडला की काहींना लगेच ढवळायला लागतं.
- कॉर्टिसॉल. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात हे संप्रेरक वाढतं. दिवसाच्या तयारीसाठी ते गरजेचंच असतं. पण आधीच चिंतेत असलेल्या मुलाला नेमकी हीच वेळ जड जाते.
- रात्रभर पाणी नाही. पटकन उठून उभं राहिलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि मळमळतं.
- बद्धकोष्ठता आणि घशात उतरणारी सर्दी. पोट नीट साफ होत नसेल किंवा रात्रभर नाकातला शेंबूड घशात उतरत असेल, तरी सकाळी उमासे येतात. ही दोन्ही कारणं साधी आहेत आणि त्यामुळेच विचारायची राहून जातात.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवावेत असा निर्णय घेतला. त्यामागे मुलांच्या झोपेचाच मुद्दा होता. पण ज्या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्या आठवी ते बारावीच्या मुलांना तो निर्णय लागू नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू होऊ नयेत अशी शिफारस केली होती.

'फंक्शनल मळमळ' म्हणजे काय?

पोटाच्या तक्रारींचं वर्गीकरण करण्यासाठी जगभरचे तज्ज्ञ 'रोम' निकष वापरतात. २०१६ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत मुलांसाठी 'फंक्शनल मळमळ' हे निदान स्वतंत्रपणे नोंदवलं गेलं. आठवड्यातून किमान दोनदा त्रासदायक मळमळ, तिचा जेवणाशी ठरावीक संबंध नाही, प्रत्येक वेळी उलटी होतेच असं नाही, तपासणीत दुसरा आजार सापडत नाही आणि हे सगळं किमान दोन महिने चाललेलं, असा त्याचा अर्थ. अशा मुलांना सोबत घाम येणं, चेहरा पांढरा पडणं, चक्कर येणं, छाती धडधडणं असंही होतं. काहींना मायग्रेनचा त्रासही असतो.

म्हणजे पोटाची रचना ठीक असते, पण पोट आणि मेंदू यांच्यातला संवाद जास्त संवेदनशील झालेला असतो. कधीकधी याची सुरुवात एखाद्या जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर होते. आजार बरा होतो, पण ती संवेदनशीलता मागे राहते.

आधी हे तपासा: थांबायचं नाही अशी लक्षणं

पुढीलपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. डॉक्टरांना लवकरात लवकर दाखवावं.

- झोपेतून जाग आणणारी किंवा उठल्याबरोबर सर्वांत जास्त जाणवणारी डोकेदुखी, खोकल्यावर किंवा वाकल्यावर वाढणारी. सोबत उलटी, एकाचे दोन दिसणं, चालताना तोल जाणं
- काही आठवडे सकाळी पुन्हा पुन्हा होणाऱ्या उलट्या
- हिरवी किंवा रक्ताची उलटी, काळी शी
- वजन घटणं, उंची न वाढणं, वयात येण्याचे बदल थांबणं
- गिळताना अडकणं किंवा दुखणं
- डोळे किंवा लघवी पिवळी होणं (पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीत आधी मळमळ येते, पिवळेपणा नंतर दिसतो)
- अशक्तपणा आणि घटणारं वजन, सोबत त्वचा काळवंडणं आणि मीठ खाण्याची ओढ. अॅड्रिनल ग्रंथी कमी काम करत असल्यास असं होतं आणि त्यात सकाळची मळमळ हे लक्षण असू शकतं

पुढील बाबतीत त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात रुग्णालय गाठावं.

- खूप तहान, वारंवार लघवी, खोल आणि जलद श्वास, श्वासाला गोडसर वास. हा टाइप १ मधुमेहाचा गंभीर टप्पा असू शकतो
- पोटात, विशेषतः उजवीकडे खाली, वाढत जाणारं दुखणं
- मुलांमध्ये अंडकोशात अचानक तीव्र वेदना आणि मळमळ. अंडाशयासारखाच वृषणालाही पीळ पडू शकतो आणि वृषण वाचवण्यासाठी साधारण सहा तासच हातात असतात. मुलं लाजून 'पोट दुखतंय' एवढंच सांगतात, म्हणून थेट विचारावं
- कुठल्या गोळ्या किंवा विषारी पदार्थ घेतल्याची शंका

डॉक्टरांना सांगायच्या राहून जाणाऱ्या गोष्टी

गोळ्या. लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी जेवल्यानंतरच घ्यायची असते, ती यासाठीच. मुरमांसाठी दिलं जाणारं डॉक्सिसायक्लिन आणि पाळीच्या दुखण्यावरची आयबुप्रोफेनसारखी औषधंही पोटाला टोचतात.

व्यसन. मिश्री, गुटखा, व्हेप यांतलं निकोटिन मळमळ आणतं. गांजाच्या नियमित सेवनामुळे सकाळच्या उलट्यांचा एक वेगळा आजार होतो. गरम पाण्याने अंघोळ केल्यावरच बरं वाटणं, ही त्याची ओळखण्यासारखी खूण आहे.

उभं राहिल्यावर धडधड. पाच-दहा मिनिटं पडून राहिल्यावर नाडी मोजावी, मग उभं राहून दहा मिनिटांत पुन्हा मोजावी. १२ ते १९ वयात नाडी मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढत असेल तर डॉक्टरांना तो आकडा सांगावा. मोजताना घेरी आली तर लगेच खाली बसवावं.

ठरावीक झटके. महिनोन्महिने मूल ठीक असतं, मग एका पहाटे अनावर उलट्या सुरू होतात, काही तास किंवा दिवस चालतात आणि थांबतात. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर ते फंक्शनल मळमळीपेक्षा वेगळं दुखणं आहे. त्याचं मायग्रेनशी नातं आहे आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

पाळी चुकली आहे का? हा प्रश्न टाळला जातो, पण डॉक्टर तो विचारतात आणि विचारायलाच हवा. लघवीची गर्भतपासणी ही इतर तपासण्यांसारखीच एक तपासणी आहे, मुलीवरचा आरोप नाही. १८ वर्षांखालील मुलीची गर्भधारणा पोक्सो कायद्याच्या कक्षेत येते आणि डॉक्टरांना ती पोलिसांना कळवावी लागते. मात्र गर्भपाताच्या बाबतीत मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर तिची ओळख उघड करण्याची सक्ती डॉक्टरांवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे भीतीपोटी चोरून गोळ्या घेण्याची वेळ कुणावर येऊ नये.

खाण्याविषयीची भीती. वजन वाढेल म्हणून जेवण टाळणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, किंवा उलटी होईल या धास्तीने खाणंच कमी करणं. यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते.

यातलं बरंचसं मूल आई-वडिलांसमोर बोलणार नाही. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर काही मिनिटं मुलाला एकट्याने बोलू द्यावं.

रविवारी बरं वाटतं, म्हणजे बहाणा?

घरोघरी हाच पुरावा दिला जातो, पण तो कच्चा आहे. रविवारी शाळा नसते, तशीच पहाटेची जागही नसते. मूल आठ-नऊला उठतं, झोप पूर्ण होते, घाई नसते, नाश्ता निवांत होतो. म्हणजे एकाच दिवशी चार गोष्टी बदललेल्या असतात. बरं कशामुळे वाटलं हे त्यावरून कळत नाही.

यासाठी एक साधी पद्धत आहे. सुट्टीतले दोन-तीन दिवस मुलाच्या संमतीने शाळेच्याच वेळी उठायचं. तरीही मळमळलं तर झोप, रिकामं पोट किंवा शरीराचं घड्याळ यांचा वाटा जास्त असण्याची शक्यता आहे. अजिबात मळमळलं नाही तर शाळेत काय चाललंय ते शांतपणे विचारावं: कुणी चिडवतं का, व्हॅनमध्ये कोण त्रास देतं, कुठल्या तासाची धास्ती आहे, शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का. हे निदान नव्हे, फक्त दिशा आहे. आणि कारण चिंता असलं तरी मळमळ खरीच असते.

दोन आठवड्यांची नोंदवही

एका वहीत रोज पाचच गोष्टी लिहाव्यात: किती वाजता झोप लागली, किती वाजता उठणं झालं, रात्री शेवटचं काय आणि कधी खाल्लं, मळमळ ० ते १० मध्ये किती आणि किती वेळ, आणि त्या दिवशी विशेष काय होतं (परीक्षा, पाळी, प्रवास, औषध). शी होते की नाही याचीही खूण करावी. वही मुलानेच लिहावी, पालकांनी रोज तपासू नये. चौदा दिवसांची अशी नोंद डॉक्टरांना खूप उपयोगी पडते.

तपासण्या किती करायच्या हे लक्षणांवर ठरतं. सुरुवातीला वजन-उंचीचा आलेख, रक्तदाब, रक्त-लघवीच्या मोजक्या चाचण्या पुरतात. एंडोस्कोपी किंवा मेंदूचा एमआरआय यांना ठोस कारण लागतं. 'एकदा सगळंच करून घेऊ' म्हणत तपासण्या वाढवल्या की मुलाची काळजीही वाढते.

सकाळ सोपी करण्यासाठी

रात्री. जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी. तळलेलं आणि फार तिखट दुपारी खावं. झोपेची वेळ एकदम न बदलता दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आणावी. मोबाइल उशाशी नको. दप्तर आणि गणवेश रात्रीच तयार ठेवावा. सुट्टीच्या दिवशीही उठण्यात एक-दोन तासांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नये.

जाग आल्यावर. लगेच उभं राहू नये. उशाशी डब्यात ठेवलेल्या साळीच्या लाह्या, चुरमुरे, टोस्ट किंवा साधं बिस्कीट यातलं दोन-चार घास बसूनच खावं. घोट-घोट पाणी प्यावं. दहा मिनिटांनी उठावं.

दात घासताना. जीभ घशापर्यंत खरवडू नये. 'पित्त पडून जाऊ दे' म्हणून घशात बोटं घालून उलटी काढायची सवय काही घरांत असते. त्याने आम्ल वर येऊन घसा आणि दात खराब होतात आणि उमाशांची सवय लागते.

नाश्ता. भरपेट खाण्याची सक्ती नको. अर्धी इडली, केळं, मऊ भात, थालीपीठाचा तुकडा, जे जाईल ते. उरलेलं डब्यात द्यावं आणि पहिल्या सुट्टीत खावं. चहा हवाच असेल तर खाल्ल्यानंतर. फोडणीच्या वासाने ढवळत असेल तर खिडकी उघडावी. आल्याचा छोटा तुकडा किंवा आलेपाकाची वडी काहींना बरी वाटते, आणि ती चघळून पाहायला हरकत नाही.

श्वास. एक हात पोटावर ठेवून चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. मळमळ नसताना आठवडाभर सराव केला तरच ऐन वेळी जमतं.

व्हॅनमध्ये. पुढे किंवा खिडकीशी बसावं, मोबाइल पाहू नये, नजर दूर ठेवावी.

दोन दिवसांत फरक पडत नाही. तीन-चार आठवडे नेमाने करून मग वहीतले आकडे पाहावेत.

शाळा बुडवायची की पाठवायचं?

ताप, उलट्या किंवा वर दिलेलं धोक्याचं लक्षण नसेल तर थोडं उशिरा का होईना, शाळेत जाणं चांगलं. घरी राहिल्यावर मळमळ ओसरते आणि मेंदू शिकतो की घरीच सुरक्षित आहे. पुढच्या सकाळी निघणं आणखी जड जातं. महिना-दीड महिना असं गेलं की बुडालेला अभ्यास आणि तुटलेली मैत्री यांचीच भीती वाटायला लागते.

पण 'पाठवायचं' म्हणजे ओढत न्यायचं असं नव्हे. वर्गशिक्षकांशी आधी बोलून ठेवावं: दाराजवळची जागा, न विचारता पाच मिनिटं बाहेर जाण्याची मुभा, बाकावर पाण्याची बाटली, काही दिवस दुसऱ्या तासाला पोहोचण्याची सवलत. दप्तरात एक पिशवी असली तरी 'वर्गात सगळ्यांसमोर उलटी झाली तर?' ही धास्ती कमी होते.

घरातल्या भाषेनेही फरक पडतो. "नाटकं पुरे" म्हटलं की मूल आपला त्रास सिद्ध करण्याच्या मागे लागतं. "मळमळतंय ना तुला? मला पटतंय. दोन लाह्या खा, आपण हळूहळू आवरू," असं म्हटलं की विश्वासही राहतो आणि पाऊलही पुढे पडतं. उठल्या उठल्या "आज कसं वाटतंय?" हा प्रश्न मात्र रोज विचारू नये. त्याने सगळं लक्ष पुन्हा पोटाकडेच जातं.

औषधांबाबत सावधान

घरात पडलेल्या पित्ताच्या किंवा उलटीच्या गोळ्या मुलांना मनाने देऊ नयेत. मेटोक्लोप्रमाइडने तरुण वयात मान-जबडा अचानक आखडू शकतो. डोम्पेरिडोनचा काहींच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठता होते आणि बद्धकोष्ठतेने पुन्हा मळमळ. आम्ल कमी करणारी गोळी खरोखर आम्लपित्ताचा त्रास असेल तरच कामाची, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरती. मायग्रेन असेल किंवा मळमळ फार तीव्र असेल तर बालरोगतज्ज्ञ वेगळी औषधं निवडतात. फंक्शनल मळमळीत विचार आणि वर्तन बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा, म्हणजे सीबीटीचा, चांगला उपयोग होऊ शकतो. समुपदेशनाला पाठवलं म्हणजे डॉक्टरांनी मुलाला 'वेडं' ठरवलं असं नाही. पोट आणि मेंदू यांच्यातला संवाद शांत करण्याचा तो एक मार्ग आहे.

मदत कुठे मिळेल?

सुरुवात बालरोगतज्ज्ञांपासून करावी. ते १८ वर्षांपर्यंतची मुलं पाहतात. सरकारी रुग्णालयांमध्ये १० ते १९ वयोगटासाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यातली सल्ला केंद्रं महाराष्ट्रात 'मैत्री' क्लिनिक म्हणून ओळखली जातात आणि तिथे सल्ला मोफत मिळतो. ताण, भीती किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार असतील तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं. घरी किंवा शाळेत मुलाला कुणी त्रास देत असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन आहे.

धोक्याची लक्षणं नसतील तर ही मळमळ शरीराला इजा करत नाही. तिचं खरं नुकसान बुडालेल्या शाळेत, अर्धवट झोपेत आणि आपल्यावर कुणाचा विश्वास नाही या भावनेत होतं. या तिन्ही गोष्टींवर घरातून काम करता येतं, आणि मळमळ पूर्ण थांबण्याची वाट न पाहता आजपासून करता येतं.